विटकरी पट्टा

रस्त्यावरचे पांढरे पट्टे कोण मारतं, असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. लोकांना वाटतं, डांबराबरोबर तेही आपोआप उगवतात. लग्नकार्यात ओळख करून देताना सोयरे "हे रोडचे ठेकेदार" एवढं सांगून मोकळे होतात आणि समोरचा माणूस लगेच खड्ड्यांवरून मलाच झापायला लागतो. मी म्हणतो, बाबा रे, खड्डा माझा नाही. खड्ड्याच्या अलीकडे आणि पलीकडे जो पट्टा दिसतो, तेवढाच माझा. मग त्याचा माझ्यातला रस संपतो आणि तो जेवणाच्या पंगतीकडे वळतो.

आता मी धंदा बंद केला आहे. यंत्रं विकली, भट्टी पुतण्याला दिली आणि अमरावतीला घरी बसून गुडघ्यांना तेल चोळतो. उभी हयात अमरावती, अकोला आणि आसपासच्या तालुक्याच्या गावांत रस्त्यावर ओणवं होऊन गेली. या कामात माणसांचे चेहरे फार दिसत नाहीत, चाकंच दिसतात. ट्रकची, मोटारींची, बैलगाडीची आणि सायकलची. मला जे सांगायचं आहे ते त्या शेवटच्या चाकांचं.

आधी आमचं काम म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पट्ट्याची पावडर पोत्यांतून येते, दिसायला रांगोळीसारखी. ती भट्टीत टाकायची. पिठल्यासारखी रटरटायला लागली की हातगाडीच्या टाकीत ओतायची आणि गाडी ढकलत न्यायची. गाडीच्या तोंडातून पट्टा पडत जातो आणि बघता बघता सुकतो. सुकायच्या आत त्यावर काचेचे बारीक मणी भुरभुरायचे, साखरेच्या दाण्याएवढे. रात्री गाडीच्या उजेडात पट्टा चमकतो तो या मण्यांमुळे. आणि ज्या रंगावरून माणसं चालणार किंवा दुचाकी जाणार, त्यात गारगोटीचा भरड चुरा घालायचा. चुरा नसला तर तो रंग पाण्यानं ओला होताच शेवाळलेल्या फरशीसारखा निसरडा होतो. आता गंमत अशी, की मणी नाही टाकले, चुरा नाही टाकला, तरी पट्टा दिवसा तसाच दिसतो आणि बिलही तेवढंच निघतं. म्हणून पुष्कळ जण टाकत नाहीत. मी टाकत होतो. यात मोठेपणा काही नाही, बिनमण्यांचा पट्टा मला डोळ्यांसमोर धरवत नसे, एवढंच.

पट्टा सरळ येतो तो यंत्रामुळे नाही, दोरीमुळे. आणि माझी दोरी रफिककडे होती. रफिक मूळचा अकोल्याच्या जुन्या शहरातला. त्याचे वडील गाद्या भरत. कापसाचा तंतू नाकात जाऊन याला खोकला लागायचा म्हणून हा घरचा धंदा सोडून माझ्याकडे आला आणि मी धंदा बंद करेपर्यंत राहिला. रस्त्याच्या या टोकाला गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला की त्या टोकाची दोरी बोटभर सरकली आहे हे त्याला कळायचं. मला भाऊ म्हणायचा आणि वेळ आली की भावासारखाच बोलायचाही.

गिऱ्हाईकं आम्हाला नमुनेदार भेटली. चांदूर रेल्वेला एक किराणावाला मागं लागला होता की झेब्रा माझ्या दुकानासमोरच मारा. मी म्हटलं, शेटजी, शाळा तिकडे आहे, झेब्रा तिकडे पाहिजे. तो म्हणाला, "झेब्रा इथी असला त लोकं सरळ दुकानातच येतीन ना." बाळापूरच्या रस्त्यावर मधला पट्टा मारून झाला तेव्हा एक म्हातारा बैलगाडीवाला थांबला. पट्ट्याकडे पाहून त्यानं विचारलं, "आता म्या कोन्या बाजूनं जाव?" आम्ही डावी बाजू दाखवली. "इतके दिवस त मंधातूनच जात होतो," असं म्हणून तो मधातूनच गेला, ओल्या पट्ट्यावरून. रफिकनं पुन्हा दोरी धरली.

असो. मूळ गोष्ट एका शहरातली आहे. कुठल्या ते मी लिहिणार नाही. वाचणारा अमरावतीचा असेल तर त्यानं अकोला समजावं, अकोल्याचा असेल तर अमरावती समजावी, म्हणजे कुणाला राग यायचा नाही. रफिक तेव्हा कुटुंब घेऊन त्याच शहरात राहायला आला होता. रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या अलीकडे वस्ती, तिथं त्याचं घर. पुलाच्या पलीकडे कॉलेजं, दवाखाने, कचेऱ्या, सगळं.

त्याची मुलगी नाझनीन. आठवीत असताना तिला शाळेतून सरकारी सायकल मिळाली होती. एकदा आम्ही पुलाजवळ काम करत होतो तेव्हा ती बापाचा डबा घेऊन सायकलवर आली. डबा ठेवला आणि आमचे पट्टे बघत उभी राहिली. मधला पट्टा, गाड्यांच्या रांगांचे पट्टे, कडेचा पट्टा. मग म्हणाली, "अब्बा, इसमें सायकलवालों का कौनसा है?"

रफिक हसला. मीही हसलो. पण मग रस्त्याच्या कडेला नजर गेली. कडेच्या पट्ट्याच्या बाहेर हातभर जागा उरली होती. तिथं वाळू साचलेली, गटारीचं झाकण खचलेलं, त्यापुढे विजेचा खांब. सायकलवाल्याचा रस्ता तो. इतकी वर्षं मी स्वतःच्या हातानं त्यांना त्या पट्ट्याबाहेर ठेवत आलो होतो आणि माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

नाझनीन दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला सायन्स घ्यायचं होतं, पुढे फार्मसी करायची होती. वस्तीतल्या एका मेडिकलवाल्या बाईंना पाहून तिच्या डोक्यात ते बसलं होतं. सायन्सचं कॉलेज पुलाच्या पलीकडे. अलीकडे होतं ते फक्त आर्ट्सचं.

रफिक मुलीला शिकवायच्या विरुद्ध होता असं कुणी समजू नये. पेढे वाटताना त्यानं सगळ्या रस्त्याला थांबवलं होतं. त्याला भीती होती ती पुलाची. पट्टे मारणाऱ्या माणसाला रस्ता जितका कळतो तितका तो घाबरतो. काम करत असताना एका ट्रकनं त्याला ठोकरलं होतं, पायात सळई होती, थंडीत ती ठणकायची. तो म्हणाला, "भाऊ, मी तिले कसा पाठवू सांगा. त्या पुलावर मी झेंडा घिऊन उभा राह्यतो तरी गाड्या आंगावर येतात. ते पोरगी सायकलवर. ट्रकवाल्याले दिसन तरी का?"

शहरबस बंद पडली होती. सहा आसनी रिक्षा पुलाखालीच सोडायच्या. मी म्हटलं, मी रिक्षा लावून देतो. त्यानं मान हलवली, "पोरीच्या शिक्षनाले उपकार नको, भाऊ." स्वतः सोडायचं म्हटलं तर आम्ही महिन्यातले निम्मे दिवस परगावी. मग मीच बोलून गेलो, की पुलावरून सायकलचा वेगळा पट्टा करवून घेऊ. रफिकनं विचारलं, "होईन?" मी म्हटलं, न व्हायला काय झालं. त्या वर्षी नाझनीन घरी राहिली. एका वर्षानं काही बिघडत नाही, असं आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं.

तिथून माझे पालिकेचे हेलपाटे सुरू झाले. बिलासाठी मी तिथं आयुष्यभर चकरा मारल्या होत्या, पण मागणं घेऊन गेलो ते पहिल्यांदा. शहर अभियंते माझ्या ओळखीचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "वानखडे, मोटारवाला फोन करतो, रिक्षावाले मोर्चा आणतात. सायकलवाला कधी तक्रार घेऊन आला आहे का? जो तक्रारच करत नाही त्याच्यासाठी मी तरतूद कशी दाखवू?" मी म्हटलं, साहेब, त्याला कामावर वेळेवर पोचायचं असतं, तो तक्रार केव्हा करणार. ते हसले. पुढे एक सदस्य भेटले, ते म्हणाले, "आज जो सायकलवर आहे तो उद्या मोटारसायकल घेईन. त्याच्यासाठी पट्टा कायले पायजे?" जो भेटेल त्याचं मत हेच. सायकल म्हणजे चार दिवसांचा ताप, उतरला की माणूस गाडीवर. आणि खुद्द सायकलवाल्यांना विचारलं तर तेही हेच म्हणायचे. "आमचं काय भाऊ, आमी सटकतो कुठूनबी." स्वतःला सायकलवाला म्हणवून घ्यायला कुणी तयार नाही, मग त्यांच्या वतीनं भांडायचं कसं?

ऐकून घेतलं ते एकट्या शोभाताईंनी. त्या वस्तीच्याच नगरसेविका. लहानपणी खेड्यातून सायकलवर शाळेत जायच्या, तेव्हा लोक नावं ठेवायचे, ते त्या विसरल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "वानखडे भाऊ, सभेत मी बोलतो. पण बोलून होत नाई. काईतरी डोयानं दिसलं पायजे."

डोळ्यानं दाखवायचं आम्हाला येत होतं. एका सकाळी रफिकनं आणि मी पुलावर दोरी धरली आणि कडेनं फक्कीची रेघ ओढली. फक्की म्हणजे खेळाच्या मैदानावर टाकतात ती पांढरी भुकटी. एका बाजूला कठडा, एका बाजूला ही रेघ, मधे सायकल सुखानं जाईल एवढी जागा. वाळू झाडून घेतली होती. पाटी नाही, शिट्टी नाही, काही नाही. आणि गंमत बघा, सायकली आपसूक आत शिरल्या. दूधवाले, गवंडीकामावर जाणारे, डबेवाल्या बाया, शाळेच्या मुली. मोटारी रेघेला चाक लावत नव्हत्या. चुन्याची साधी रेघ, फुंकर मारली तर उडेल, पण तिला मान होता. शोभाताईंनी अभियंत्यांना ओढूनच आणलं. ते कठड्याला टेकून जाणाऱ्या सायकली मोजत राहिले.

नाझनीनही आली होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळून आली, पुन्हा गेली. रफिक दोरी गुंडाळायची विसरून तिच्याकडे बघत होता. माझ्या सगळ्या धंद्यात मला सर्वांत जास्त आनंद झाला तो त्या सकाळी, आणि ती रेघ दुपारच्या वाऱ्यानं उडून गेली.

विषय सभेत आला. मला निमंत्रित म्हणून बोलावलं. मी घरून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. पहिला सगळा वेळ गेला तो रंगावर. पट्टा पांढऱ्या दोन रेघांचा असावा, मधे डांबर तसंच ठेवावं, असं मी सांगत होतो. पण सभापतींना पुण्या-नागपूरसारखा अख्खा रंगवलेला पट्टा पाहिजे होता, फोटोत उठून दिसेल असा. मग रंग कोणता? हिरवा म्हटलं की इकडून एक उठायचा. भगवा म्हटलं की तिकडून दुसरा. निळा म्हटला तर तिसऱ्याला त्यात राजकारण दिसलं. पिवळा ट्रॅफिकचा, लाल कम्युनिस्टांचा. शेवटी विटकरी ठरला, कारण विटकरी रंगाचा पक्ष आमच्या भागात नाही. रंगात चुरा पाहिजे, हे मी तेवढ्यात दोनदा सांगितलं. कुणी लिहून घेतलं की नाही, देव जाणे.

आणि मंजुरीची वेळ आली तेव्हा मागच्या बाकावरून एक सदस्य उठले. म्हणाले, "हे सायकल सायकल करून राह्यले, पन हे हायेत कोन? पट्टे मारनारे ठेकेदार. पट्टा वाढला का यायचा धंदा वाढला. सायकल निस्तं निमित्त हाये."

सभेत खसखस पिकली. शोभाताई उठल्या, म्हणाल्या, हे खोटं आहे. पण सभापतींनी त्यांना बसवलं आणि माझ्याकडे वळून गोड आवाजात विचारलं, "वानखडे, तुमचा स्वार्थ नाही ना यात?" मी म्हटलं, नाही. "मग सभागृहाला सांगून टाका, की या कामाची निविदा मी भरणार नाही. आत्ता मंजूर करतो."

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच बुडाला असता. मी म्हटलं, नाही भरणार. बाकं वाजली. एकमतानं मंजूर. ज्यांनी मला चोर ठरवलं होतं त्यांनीच येऊन हात मिळवला.

रफिक खाली चहाच्या टपरीवर वाट पाहत होता. मी जिन्यावरून उतरलो तेव्हा मला वाटत होतं, आपण गड जिंकला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मारीन कोन?"

बास, एवढंच विचारलं.

मारला तो ज्यानं सर्वांत कमी दर भरला त्यानं. त्याला इमारती रंगवायचा अनुभव होता, रस्त्याचा नव्हता. भट्टी आणली नाही, पोती आणली नाहीत. डबे फोडले आणि लोखंडी खिडक्यांना लावतात तो तेलाचा रंग रोलरनं पुलावर ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दिसायला मात्र नवरीसारखा दिसला, खोटं कशाला बोलू. लाल विटेचा रंग, कडेला पांढरी रेघ, मधे सायकलचं चित्र. उद्घाटनाला फुगे होते. मान्यवरांनी एकसारखे टी-शर्ट घालून फोटोपुरतं पायडल मारलं आणि सायकली टेम्पोत चढवून दिल्या. रफिकनं खाली बसून पट्ट्यावरून तळहात फिरवला आणि मला तो दाखवला. "भाऊ, हे त तेलाचं हाय. याच्यात काईच नाई."

मी अभियंत्यांकडे गेलो. म्हटलं, साहेब, यात चुरा नाही, मणी नाहीत, पाऊस पडला की लोक घसरतील. ते बिचारे कसनुसे झाले. म्हणाले, "वानखडे, तुम्ही काम सोडलं त्याचं सगळीकडे कौतुक झालं आहे. आता दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवाल तर लोक काय म्हणतील?" लोक म्हणायला लागलेच होते, की याच्या पोटात दुखतं. मी म्हटलं, मी फुकट करून देतो, त्यावर नुसता चुऱ्याचा एक थर देतो. ते म्हणाले, फुकट काम घ्यायचं कुठल्या नियमात बसवू? सभापतींना भेटलो तर त्यांनी मला माझाच शब्द ऐकवला. आयुष्यात एकदा भर सभेत दिलेला शब्द पाळला आणि त्यानंच माझं तोंड शिवून टाकलं.

रफिकनं मुलीला पाठवलं. काय करणार, वर्षभर ती त्या पट्ट्यासाठी थांबली होती. सायन्सला प्रवेश झाला. पहिले काही दिवस ती रोज संध्याकाळी येऊन बापाला सांगायची की पट्ट्यावर किती गर्दी असते, किती मुली असतात. पाऊस भुरभुरला तर उतरून सायकल हातात धरून चाल, असं त्यानं तिला बजावलं होतं. ती तसं करायचीही.

ज्या दिवशी पडली त्या दिवशी पाऊस नव्हताच. आदल्या सरीचं पाणी पट्ट्यावर साचलेलं, वर ऊन पडलेलं. तिनं ब्रेक दाबला आणि सायकल आडवी गेली, ती पट्ट्याच्या बाहेर, मोटारींच्या वाटेत. मागून भाजीचा टेम्पो येत होता. टेम्पोवाल्यानं कसाबसा थांबवला. मनगट मोडलं, हनुवटीला टाके पडले, जीव वाचला. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा रफिक बाहेरच्या बाकावर बसला होता. मला वाटलं, आता हा मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "टेम्पोवाला चांगला मानूस हाय. हातपाय कापून राह्यले होते त्याचे. त्याले चहा पाजा भाऊ."

नाझनीनचं कॉलेज सुटलं. हात बरा झाला तरी रफिक पुलाचं नाव काढू देईना, आणि मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो.

त्या पावसाळ्यात आणखीही लोक पडले. एक दूधवाला कॅनांसकट पडला, त्याचा फोटो पेपरात आला. मग काय, ज्या सभेनं पट्टा एकमतानं मंजूर केला होता तिनंच तो काढून टाकायचा ठराव एकमतानं केला. शोभाताई एकट्या म्हणत होत्या, काढा पण तिथंच चांगला मारा. त्यांना सांगितलं, आधी काढू, मग बघू. काढायच्या कामाचे दर मागवले. घासायचं यंत्र गावात माझ्याकडेच होतं. या खेपेला कुणी विचारलं नाही की वानखडे, तुमचा स्वार्थ आहे का. पट्टा मारायला मी चालत नव्हतो, पुसायला चाललो.

मी घेणार नव्हतो. पण वाटलं, दुसऱ्या कुणी अर्धवट घासला तर आणखी निसरडा होईल, आणि पुलावर पोरी जातातच. हिवाळ्यात काम काढलं. रफिकला म्हटलं, तू येऊ नको, मी दुसरा माणूस घेतो. तो आला. यंत्र त्यानंच धरलं. विटकरी धुरळा उडत होता, त्याच्या पापण्यांवर, मिशीवर बसत होता. येणारेजाणारे सायकलवाले खूष होऊन विचारायचे, "नवा मारून राह्यले का भाऊ?" कारण जुना घासला की नवा मारतात, हे आता लोकांना माहीत झालं होतं. मी खाली बघायचो. रफिक मान हलवायचा, हो म्हणतो की नाही ते कळायचं नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या सभागृहाची मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक आले. शोभाताईंच्या हातात काही उरलं नाही. अभियंत्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना मी भेटलो, त्यांनी विचारलं, कुठला पट्टा? मी पुलावर नेऊन दाखवणार होतो, पण दाखवायला काही शिल्लकच नव्हतं. इतकं स्वच्छ काम आम्ही केलं होतं.

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी कामाचं ठरवायला रफिककडे गेलो. अंगणात नाझनीनची सायकल उलटी करून ठेवलेली होती आणि ती चेनला तेल देत होती. हनुवटीवर टाक्यांची बारीक खूण राहिली होती. मला पाहून आत गेली, हात धुऊन चहा घेऊन आली. आभाळ भरून आलं होतं.

"चाचा," ती म्हणाली, "पट्टा कब मारोगे?"

मला काही कळेना. मी रफिककडे पाहिलं. तो कपात बघत होता. मग लक्षात आलं, घासायच्या कामाला जाताना त्यानं घरी काय सांगितलं होतं ते. सहा महिने ही मुलगी नव्या पट्ट्याची वाट पाहत होती आणि बापाला खरं सांगायचा धीर झाला नव्हता. माझाच होत नव्हता, तर त्याचा कुठून होणार? पालिका, सभा, शब्द, प्रशासक, यातलं काय त्या मुलीला सांगायचं होतं? आयुष्यभर मी ठेकेदारी केली, तारखा पुढे ढकलायची मला सवय. तोंडातून तेच आलं.

"पाऊस संपला का मारू, बेटा. रस्ता ओला असला का पट्टा धरत नाई. सुटून येतो."

तिनं थोडा विचार केला. हात ओढणीला पुसला आणि म्हणाली, "लेकिन तब तक तो ॲडमिशन बंद हो जाएगा ना, चाचा."

तक्रार नव्हती त्यात. मला आठवण करून देत होती, माझ्या लक्षात राहिलं नसेल म्हणून. रिकामे कप उचलून ती आत गेली. त्या वर्षी तिनं पुलाच्या अलीकडे आर्ट्सला नाव घातलं.

मी तिला जे सांगितलं त्यात ओल्या रस्त्यावर पट्टा धरत नाही, एवढंच खरं होतं.